वीस मिनिटं पुढचं घड्याळ

येडशीच्या रुबिनाला हट्टी म्हणा, ती हसूनच सांगेल, "हट्टी न्हाय, लई हट्टी!" गावातल्या शेळीपालकांच्या गटानं शेळ्यांच्या नोंदींची वेबसाइट काढायची ठरवली, तेव्हा हिनं छाती ठोकून सांगितलं, "सर्व्हर मी घरातच बसवते." गटाचे अध्यक्ष महारुद्रकाका म्हणाले, "बुधवारी चारला बघायला येतो. चाललं तर काम तुझं, न्हायतर लातूरच्या कंपनीला."

आता कॉम्प्युटर कसला, तर शाळेनं भंगारात काढलेला! त्या म्हाताऱ्या मशीनला चालतील अशा तयार लायब्रऱ्या, म्हणजे सर्व्हरला लागणारे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, कुठं मिळेनात. मग बाईसाहेबांनी टॉमकॅट नावाचा जावा भाषेतला सर्व्हर आणि त्याच्या सी भाषेतल्या लायब्रऱ्या, सगळं मूळ कोडापासून कम्पाइल करायला घेतलं. म्हणजे भाकरी खायची, तर ज्वारी निवडण्यापासून सुरुवात!

बुधवारी दुपारी काम रंगात आलं होतं. सव्वातीनला लाइट गेली अन् पाच मिनिटांत आली. कॉम्प्युटरच्या आतला सेल मेलेला, त्यामुळं लाइट गेली की त्याची वेळ पुसली जायची. सकाळी तिनं भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ भरली होती, आता मोबाइलमध्ये बघून भरली. अन् झाला की घोळ! कॉम्प्युटर सांगायला लागला, ह्या फाइली भविष्यातल्या आहेत. केलेलंच काम तो परत परत पहिल्यापासून करू लागला. "सकाळी वेळ भरली, आता भरली, तरी फाइली भविष्यातल्या कशा?" रुबिना रडकुंडीला आली.

"सकाळी भिंतीवरचं बघितलं व्हय?" तिचे अब्बा, जलीलभाई, दारातून म्हणाले. "अगं, ते वीस मिनिटं पुढं हाय!"

"पुढं? कधीपास्नं?"

"तू लातूरला कॉलेजला जायचीस तवापास्नं. तुझी गाडी चुकू न्हाय म्हणून म्याच केलं."

या अल्ला! तीन वर्षं गाडी उशिरा येते म्हणून हिनं स्टेशनावर उभं राहून रेल्वेला शिव्या घातल्या होत्या. रुबिनाला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"मग काही करायचं न्हाय," ती म्हणाली. "सव्वातीनच्या फाइलीवर तीन पस्तीस पडलेत. तेवढे वाजून गेले की फाइली आपोआप भूतकाळातल्या होतील." एका ओळीच्या आज्ञेनंही हे जमलं असतं, पण ते तिला दुसऱ्या दिवशी आठवलं. जाऊ द्या. तिच्या अम्मीनं, म्हणजे जमिलाबीनं, चहा टाकला आणि तिघं भविष्य यायची वाट बघत खिदळत बसली. तीन छत्तीसला काम सुरळीत सुरू झालं, चारला पाच कमी असताना संपलं.

महारुद्रकाका ठोक चारला हजर. पडद्यावर टॉमकॅटच्या चिन्हातलं मांजर!

"शेळी कुठाय गं? हे तर मांजर हाय."

"राखणीला बसवलंय, काका. शेळ्या तुम्ही द्यायच्या."

काका पोट धरून हसले. "काम तुझंच, पोरी."

ते गेल्यावर अब्बा स्टुलावर चढले. "आता कशाला पुढं ठेवायचं? गाडी तर पकडायची न्हाय तुला."

रुबिनानं त्यांचा हात धरला. "राहू द्या ना, अब्बा." मग तिनं कागदावर ठळक अक्षरांत लिहून घड्याळाखाली चिकटवलं: हे घड्याळ अब्बांचं आहे. ह्यात बघून सर्व्हरची वेळ लावू नये.