दवातला कापूस

आधी शबाना मॅडमचं नाव घेते. आर्णीहून स्कूटीवर आमच्या तांड्याच्या शाळेत यायच्या. माझं उत्तर फळ्यावर लिहिणारं पहिलं माणूस म्हणजे त्या. पुढचं मात्र मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

पुस्तकात उत्तर सापडणार नाही असेच प्रश्न मॅडम विचारायच्या. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी पोखरली होती. मॅडमनी विचारलं, "कापूस वेचणारी आणि शेतवाला, दोघांनीही खरं वागायचं ठरवलं तर काय काय बदलेल?" मी उठले. आमच्यात आईला याडी म्हणतात. म्हटलं, "मॅडम, माही याडी दवातच वेचते. ओला कापूस जड भरते न! मजुरी किलोवर हाय. मजुरी वाढवली त कोरडा वेचन ते."

वर्ग खिदळला. मॅडम हसल्या नाहीत. उत्तर फळ्यावर लिहिलं, खाली माझं नाव. किती फुगले होते मी!

आणि दुसऱ्या दिवशी? अण्णाजी वर्गाच्या दारात. याडी त्यांच्याच शेतात वेचायची, आणि शाळा समितीचे अध्यक्षही तेच. ओल निघाली म्हणून जिनिंगवाल्यानं त्यांच्या कापसाचा भाव पाडला होता. शाळेत तसलं काही बोलणं झालं, एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं.

"ओल्या कापसाची गोठ कोनं काढली रे?"

पोरं माझ्याकडे पाहू लागली. आणि मी म्हटलं — हो, मीच म्हटलं — "मॅडमनं. दवातच वेचा म्हने, वजन भरते."

फळा अजून पुसला नव्हता. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या, माझ्या नावावर पाठ टेकवून उभ्या राहिल्या.

"हो अण्णाजी. मीच बोलली."

मी थिजले. कोणी असं करतं? माझ्यासाठी? आजही ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

अण्णाजींच्या तक्रारीवरून मॅडमना लांब फुलसावंगीकडच्या शाळेत पाठवलं. नवीन गुरुजी पाढे घोकून घ्यायचे. मला फळ्याकडे पाहवेना. मी शाळा सोडली. आता सुरतेत कपडे शिवते.

याडीचं काम जाईल ही भीती होती, खरंय. पण याडीचं नाव न घेता गप्पही राहता आलं असतं. मॅडमचं नाव मी घेतलं.

एक दिवस गावी जाईन. त्याच वर्गात, अण्णाजींसमोर सांगीन — ते बोलणं माझं होतं, मॅडमचं नव्हतं. आणि मगच फुलसावंगीची बस धरीन.