वाढली म्हणजे नेमकं काय झालं?

काचेच्या लॅबमध्ये तुकडे आणि किस्से कितीही झाडा, कोपऱ्यात सापडतच राहतात! आमच्या संभाजीनगरच्या लॅबमध्ये दोन्हींचा लई साठा झालाय. थोडे आज काढतो.

मी करमाडचा. इथं नोकरी लागली तेव्हा काकांनी विचारलं, "काय बनवतो रं तिथं?"

"काच. तिच्यातून प्रकाश जातो."

"मग आमच्या खिडकीतून काय म्हशी जात्यात व्हय?"

लेझरसाठी वेगळी काच लागते, हे सांगायचं राहूनच गेलं.

* * *

आता आमची काच साधी नाय, हे खरंय. ओतून झाली की ती पुन्हा भट्टीत तापवायची, म्हणजे तिच्या पोटात बारीक बारीक स्फटिक वाढतात. बेतानं वाढले तर काम फत्ते. जास्त वाढले की काच पांढरीफेक!

सोयगावची सुवर्णा यावरच पीएचडी करतेय. तिची प्रत्येक चकती पांढरी निघायची. आमचे प्रमुख शेळके सर चकती हातात घेऊन विचारायचे, "बाळा, हे भिंग आहे का बर्फी?"

एकदा चकत्यांसाठी डबा घ्यायला आम्ही दोघं शहागंजात गेलो. मापाला एक चकती नेली होती. क्रॉकरीवाल्या चाचांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "क्या बशी बनाए मियाँ! इसका कप किधर है?"

त्या दिवशी सुवर्णानं लॅबमधला चहासुद्धा घेतला नाही.

* * *

सरांचा एक कडक नियम आहे. लॅबमध्ये 'फुटली' हा शब्द काढायचा नाही!

"बायकांची बांगडी फुटते का? वाढते! नारळ फोडतात का? वाढवतात! तशी आपली काचपण वाढली म्हणायचं."

झालं! त्या दिवसापासून भट्टीकडून कुणी "वाढलं, वाढलं!" ओरडत आलं की आम्ही आधी त्याचं तोंड बघायचो. पेढे आणायचे का झाडू, ते त्यावरून ठरायचं.

* * *

मग प्रोजेक्टची मुदत संपत आली. सर दिल्लीला समितीपुढं बसलेले. आरपार दिसणारी एक तरी चकती दाखवायची, नाहीतर प्रोजेक्ट बंद आणि सुवर्णाची पीएचडी अर्ध्यात. शेवटची चकती भट्टीत होती. पोरगी सकाळपासून भट्टीसमोरून हलली नव्हती. आमचाही जीव टांगणीला.

भट्टी उघडली. चकती पाण्यासारखी स्वच्छ! टेबलावर लेझरसमोर ठेवली, तर पलीकडच्या भिंतीवर लख्ख ठिपका. सुवर्णानं रडत रडतच फोन लावला. "सर, वाढले!"

तिचं रडणं ऐकून सर खचलेच. "असू दे बाळा. हाताला लागलं नाही ना?"

"अहो सर, स्फटिक वाढले! बेतानं वाढले!"

लगेच व्हिडिओ पाठवला. थोड्या वेळानं सरांचा फोन, आवाज सातव्या मजल्यावर. "सुवर्णा, मुदत वाढली! चकती उद्या समितीला पाठवायचीय, जिवापाड जप. पण आधी नारळ वाढव!"

लॅबमध्ये नुसता दंगा उसळला. सुवर्णानं आनंदाच्या भरात तिथंच, त्याच लेझरच्या टेबलाच्या कडेवर, दणकन नारळ आपटला.

तेवढ्यात सरांचा पुन्हा फोन.

"वाढवला का नारळ?"

"व्हय सर."

"शाबास! आणि चकती?"

सुवर्णानं आमच्याकडं पाहिलं. आम्ही छताकडं.

"सर," ती म्हणाली, "दोन्ही वाढलं."