नामदेव मिस्त्रीचा सिमेंटचा समुद्र

नारायणगावात माझं कोंबडीखाद्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक कमी आणि गप्पा मारायला येणारे जास्त, त्यामुळे किस्से साठत जातात. पोती निदान कुणी उचलून नेतं, किस्से तिथंच पडून राहतात. त्यातले बरेचसे नामदेव मिस्त्रीचे आहेत. ते सांगताना आम्ही हसतो, आणि हसता हसता कुणीतरी उठून बाहेर जातं.

नामदेव पाण्याच्या टाक्या बांधायचा. कळंबपासून खोडदपर्यंत त्याची एकही टाकी गळत नव्हती. बायको, मालतीवहिनी, कोकणातली, समुद्राकाठची. दोन हजार सालाच्या आसपास तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला पुण्यापर्यंत जायचं, त्यापलीकडे प्रवास बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे समुद्र आता काही दिसायचा नाही."

त्याच आठवड्यात नामदेव मोठी काचेची टाकी घेऊन आला. "तिला जाता येत न्हाई, तर समुद्रच हितं आणू," तो मला म्हणाला.

* * *

खाऱ्या पाण्यातल्या माशांना लपायला प्रवाळाचे खडक लागतात. खरे मिळणं अवघड, म्हणून पुण्याच्या मासेवाल्यानं घरी करायची कृती सांगितली: सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ. चुरा माझ्याच दुकानात असतो, अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून कोंबड्यांना घालतात. मीठ नंतर पाण्यात विरघळतं आणि खडकाला भोकं पडतात.

पण नामदेवचा हात टाकी बांधणाऱ्याचा. भोकं पडली, की हा पातळ सिमेंट कालवून ती बुजवायचा! पहिला खडक इतका गुळगुळीत झाला, की त्यावर भाकरी थापता आली असती.

"अरे, भोकंच तर पाहिजेत," मी म्हणालो.

"कळतंय राव. पण भोक दिसलं की हात ऱ्हात न्हाई."

शेवटी आम्ही त्याची थापी काढून घेतली.

* * *

सिमेंटातला चुना उतरेपर्यंत खडक पाण्यात मुरवावे लागतात, नाहीतर मासे मरतात. आमच्यातला तिसरा शंकर, खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर इलेक्ट्रिशियन. त्याच्या मळ्यातल्या हौदात खडक ठेवले. त्यातला एक वाळवायला म्हणून बांधावर करंजाखाली काढला आणि तिथंच विसरला.

पुढच्या खेपेला गेलो, तर खडकाला शेंदूर, पुढं नारळ आणि भोकाभोकांत उदबत्त्या. शंकरची आई खडकाला हात लावू देईना.

"मावशी, मीच केलाय त्यो," नामदेव म्हणाला.

"मंग? देव काय आपोआप व्हतो का?"

नामदेवनं चपला काढल्या आणि हात जोडले. "मालतीला सांभाळ रे बाबा," एवढंच पुटपुटला. सिमेंट त्यानं कालवलेलं, चुरा माझ्या दुकानातला, सगळं माहीत असून आम्ही दोघंही मागोमाग पाया पडलो. मला आजही त्याचं हसू येत नाही.

* * *

वहिनीला मीठ बंद झालं, तसं नामदेवनंही सोडलं. आणि घरात मीठ पिशव्यांनी! समुद्राचं पाणी बनवायचं खास मीठ, स्वयंपाकघराच्या दारातच ठेवलेलं.

एकदा निरगुडसरचे पाहुणे जेवायला होते. आमटी अळणी. बोलायचं कसं, म्हणून त्यांनी गुपचूप उठून त्या पिशवीतलं चिमूटभर आमटीत टाकलं. पहिल्याच घासाला त्यांचं तोंड असं कडवट झालं, की वहिनीच्या लक्षात आलं. ती अंथरुणावर हसत सुटली आणि म्हणाली, "चला, पाहुण्यांना तरी समुद्र भेटला."

त्यानंतर तिला इतकं हसताना आम्ही पाहिलं नाही.

* * *

लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडायचा. पाणी हलतं ठेवायला नामदेव ताकाची रवी घेऊन बसायचा. वहिनी म्हणायची, "अहो, हळू. लोणी काढायचं नाहीये."

* * *

शेवटी खडक मुरले, पाणी जमलं आणि मासे आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोनच. तोवर दवाखान्यातून वहिनीला घरी न्यायला सांगितलं होतं. तिची खाट टाकीशेजारी लावली. दुपारी मी आणि शंकर तिथंच बसून होतो.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सुरेख झालंय. पण ह्याला भरती-ओहोटी कुठाय?"

नामदेव उठला. नळी लावून पाणी बादल्यांमध्ये काढत गेला, खालच्या खडकांचेही माथे उघडे पडेपर्यंत. मासे खालच्या पाण्यात फिरत राहिले.

"हां," वहिनी म्हणाली, "आता आमच्या गावचं वाटतंय. ओहोटीला आम्ही पोरी अशाच खडकांवर कालवं काढायला जायचो." थोडा दम खाऊन म्हणाली, "आता भरती येऊ दे."

नामदेवनं बादलीतून प्लास्टिकचा मग भरून टाकीत उपडा केला.

"इतक्या घाईनं नाही येत ती. हळू येते."

तसा तो हळूहळू ओतायला लागला. एक मग ओतायचा, थांबायचा, तिच्याकडं बघायचा, पुन्हा बादलीत मग बुडवायचा. खालचे खडक पाण्यात गेले, नंतर मधले. उन्हं दारातून आत आली.

आधी शंकरच्या लक्षात आलं. त्यानं वहिनीचा हात हातात घेऊन पाहिला आणि माझ्याकडं बघितलं. मग नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "नामदेव, वहिनी गेल्या."

"व्हय," नामदेव म्हणाला. "मघाशीच."

आणि त्यानं पुन्हा बादलीत मग बुडवला. "वरचा खडक ऱ्हायलाय अजून."