ताप उतरल्यानंतर

खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत माझ्या धाकट्या भावाचे, सोनूचे डोळे कुंकवासारखे लाल दिसत होते. ना चिकटलेले, ना पाणावलेले... नुसते लाल. देवळाली प्रवरातल्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात काढ्याचा उग्र वास भिंतींत मुरला होता. करोना येऊन गेला होता; आई-अण्णा खोकून खोकून बरे झाले, सोनूला तर नुसती कणकण आली आणि उतरली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे काही आठवड्यांनी, कैऱ्यांचं लोणचं बरणीत मुरत असताना, तो पुन्हा तापला.

हा ताप निराळा होता. पोट दुखतं म्हणून सोनू गुडघे छातीशी घेऊन पडायचा, अंगावर पुरळ उमटलं, आमरसाच्या वाटीकडेही त्यानं पाठ फिरवली.

"उष्णता झाली आसंल, सब्जा पाज त्याला," अण्णा म्हणाले.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याची गार पडलेली पावलं चाचपली. "घरात करोना झाला होता?"

"व्हय, पन तो कवाच गेला," आई म्हणाली.

"तो गेला, पण शरीराची लढाई थांबली नाही. आता ते स्वतःलाच सुजवतंय. आत्ताच्या आत्ता नगरला न्या."

नगरच्या वॉर्डात फिनाईलचा वास होता आणि सलाईनमधून थेंबथेंब उतरणारं औषध. हृदयाला सूज आहे, असं डॉक्टर अण्णांना सांगत होते ते सोनूनं ऐकलं.

"ताई, सुजल्यावर हृदय फुटतं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले... आणि माझाच आवाज मला परका वाटला.

शेजारच्या खाटेवर सुप्याची एक मुलगी होती, हाच आजार, दोन वेण्या घातलेली. एका सकाळी तिच्या खाटेवरची चादर बदललेली दिसली. तिची आई एकटीच पिशवी भरून निघाली, दारातून परत फिरली आणि सोनूच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "ह्याला जप गं बाई."

सोनू हळूहळू सावरला. त्याच्या बोटांची कातडी लसणाच्या सालीसारखी सुटली, मग भूक परतली. वर्षं गेली, हृदयाच्या तपासण्या झाल्या, आता त्याला खेळायची मुभा आहे. त्या दिवसांतलं त्याला फारसं काही आठवत नाही — ते सगळं आमच्याकडेच राहिलं आहे.

संध्याकाळी कबड्डी खेळून तो धापा टाकत येतो, ओसरीवर आडवा होतो. आई पीठ मळायचं थांबवून त्याच्या छातीवर हात ठेवते.

"आई, दमलोय फकस्त. सोड ना."

ती हात काढत नाही.