लेले मॅडमचं ‘ठाऊक नाही’

आम्ही बॉटनीचे निवृत्त मास्तर जमलो की गप्पा रक्तदाबावरून सुरू होतात आणि लेले मॅडमवर येतात. इतक्या वर्षांत किस्से साचलेत की कुठला खरा आणि कुठला आम्ही फुगवलेला, हे आता आम्हालाही सांगता येत नाही.

मॅडम आमच्या हेड. रानात कुणाला अळंबी सापडली की ती पिशवीतून आमच्या डिपार्टमेंटला यायची. मॅडमची उत्तरं दोनच. ‘विषारी आहे’, नाहीतर ‘ठाऊक नाही’. ‘खा’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

*

नारायण पेठेतले एक गृहस्थ पिशवी घेऊन आले.

“विषारी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“पण दिसायला किती सुंदर आहे हो!”

“मग शोकेसमध्ये ठेवा.”

*

अळंबीची टोपी कागदावर ठेवून वर काचेचा पेला झाकायचा, ही आमची पद्धत. सकाळी कागदावर बीजाणूंची छाप उमटायची. तिच्या रंगावरून जात ओळखायला मदत व्हायची.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना कुणीतरी त्याच पेल्यातून पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन संपवल्यावर मॅडम म्हणाल्या, “काळजी करू नका, पेला धुतलाय. बहुतेक.”

त्या वर्षी तपासणी फार लवकर आटोपली.

*

शेख सर नवीन असताना त्यांनी टोपी पांढऱ्या कागदावर ठेवली. सकाळी म्हणाले, “मॅडम, छापच नाही.”

मॅडमनी कागद खिडकीशी तिरका धरला. “छाप पांढरी आहे. अर्धा कागद काळा ठेवायचा असतो.”

तेव्हापासून सरांच्या बॅगेत कायम काळा कागद असे.

*

सर दर पावसाळ्यात खडकवासल्याकडच्या रानात हिंडायचे. नमुने आणायचे, छाप काढायचे आणि मॅडमपुढे ठेवायचे. “मॅडम, ही खायची जात आहे. माझी खात्री आहे.”

मॅडम मायक्रोस्कोपमधून बघायच्या. “ठाऊक नाही.”

“एकदा तरी हो म्हणाव्यात,” सर मला म्हणायचे. बाकी त्यांना काही नको होतं. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटायचं.

*

मॅडमच्या निरोपाच्या दुपारी शेख सरांनी घरून पुलावाचं पातेलं आणलं आणि झाकण काढलं.

“अळंबीचा आहे. वारुळावरची. मीच ओळखली, मीच आणली.”

आमचे चमचे हातातच राहिले. आम्ही सगळे मॅडमकडे बघत होतो आणि सर पातेल्याकडे.

मॅडमनी छाप मागितली नाही. चष्मासुद्धा लावला नाही. ताटात डावभर पुलाव वाढून घेतला, सावकाश संपवला आणि ताट पुन्हा पुढे केलं.

“अहो शेख, मीठ जरा कमी पडलंय.”