मुद्दा क्रमांक अकरा

रेनो मात्तिलाने एकतीस वर्षं काउंटीच्या रस्ते खात्यात बर्फ मोजला. पहाटे उठायचं, पट्टी खोचायची आणि पाव इंचापर्यंतचा आकडा वहीत लिहायचा. तो निवृत्त झाल्यावर आमच्या अल्डर बेच्या स्की मार्ग प्रकल्पाने त्याच्या हाती वेबसाइट दिली. तिच्याकडेही तो बर्फासारखंच बघू लागला: वाकून, जवळून आणि कुणी पाय देऊ नये अशा बेताने.

वेबसाइट साधी आहे. एक बातमी म्हणजे मजकुराची एक फाईल. तिच्या डोक्यावर चार ओळी असतात: शीर्षक, तारीख, लिहिणारा, विभाग. फाईल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकून संगणकाला एक आज्ञा दिली, की सगळी पानं नव्याने तयार होऊन वेबसाइटवर जातात. रेनो ही आज्ञा रोज सकाळी सहाला देतो, नवी बातमी असो वा नसो.

मात्र त्याआधी प्रत्येक फाईल त्याच्या तपासणीतून जायची आणि क्रमांक घातलेले मुद्दे घेऊन परत यायची. नऊपेक्षा कमी मुद्दे आलेला माणूस गावात नव्हता. मागल्या जानेवारीत सातव्या किलोमीटरवर झाड आडवं पडलं. लॉर्ना बोड्रीने तासाभरात बातमी लिहून पाठवली. झाड कोणत्या जातीचं, शेंडा कुठल्या दिशेला, ‘मोठं’ म्हणजे किती, यावर दोघांची दोन दिवस पत्रापत्री चालली. बातमी लागली तोवर झाड कापून कुणाच्या तरी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत जळूनही गेलं होतं. बातमीत मात्र एकही चूक नव्हती.

लॉर्नाचं मुख्य रस्त्यावर पेस्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांचं, दुकान आहे. तिथे ती गिऱ्हाइकाला दोन मिनिटांपेक्षा जास्त ताटकळत ठेवत नाही, त्यामुळे दोन दिवस तिला फार लागले. तिने वार्षिक सभेसाठी ठराव दिला: वेबसाइट बंद करावी आणि समाजमाध्यमावर पान उघडावं, म्हणजे कुणीही फोनवरून लिहील. कुणीही लिहील हीच तर भीती आहे, असं रेनोचं म्हणणं. पण प्रकल्पाचे सदस्य एकेचाळीस, त्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी मुद्दे आलेले. रेनोच्या हातून वेबसाइट जाणार, हे सगळे धरून चालले होते. रेनोसुद्धा.

सभा चौदा ऑक्टोबरला होती. नियमावलीप्रमाणे सभेची सूचना ठरावासकट दहा दिवस आधी वेबसाइटवर लागावी लागते, नाहीतर मतदान बाद. अध्यक्ष एल्सी टेर्वो हिने शाळेची बस बावीस वर्षं चालवली. भांडणाऱ्या दोघांना एका बाकावर बसवायची तिची सवय सुटलेली नाही. तिने सूचना लावायचं काम लॉर्नालाच दिलं.

तीस सप्टेंबरला लॉर्नाने फाईल पाठवली. रेनोने दोन तासांत तपासून दिली. त्याच्या मानाने हे धावत सुटण्यासारखंच. मुद्दे अकरा होते. लॉर्नाने चौथ्यापर्यंत वाचले, तोवर सगळे स्वल्पविरामांचे निघाले, आणि तिने कळवलं: जसं आहे तसं लाव. लिहिणाऱ्याच्या परवानगीशिवाय फाईलला हात लावायचा नाही, हा नियम रेनोनेच केलेला. त्याने फाईल होती तशी फोल्डरमध्ये टाकली.

अकरावा मुद्दा तारखेच्या ओळीचा होता. तिथे बातमी प्रसिद्ध करायची तारीख लिहायची असते. लॉर्नाने सभेची लिहिली होती. पुढची तारीख दिसली की ती बातमी त्या दिवसापर्यंत अडवून ठेवायची, असं पानं तयार करणाऱ्या संगणक प्रणालीचं काम चालतं. रेनोने पाठवलेल्या नमुना पानावर मात्र अडवलेलंही सगळं दिसतं. लॉर्नाने तिथे आपली सूचना पाहिली आणि बातमी लावणं हे बारा मिनिटांचं काम आहे, असं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. इकडे रोज सकाळी सहाला रेनोच्या पडद्यावर ओळ उमटायची: एक बातमी तारखेसाठी थांबली आहे. त्याने कळवलं होतं, त्याला उत्तर आलं होतं. तो कॉफी करायला उठायचा. असं तेरा दिवस चाललं.

सभेला अडतीस जण आले. वेलचीचा पाव फिरला. एल्सीने उपचार म्हणून विचारलं, “सूचना वेळेत लागली होती ना?”

“लागली की,” लॉर्ना म्हणाली.

“आज सकाळी सहाला,” रेनो म्हणाला.

मग त्याने तारखेच्या ओळीचं सगळं सांगितलं. लॉर्नाने विचारलं, “तुला माहीत होतं?”

“तुलाही कळवलं होतं. मुद्दा क्रमांक अकरा.” छापील प्रत त्याच्या खिशातच होती.

“अरे, तुझ्या अकराव्या मुद्द्यापर्यंत तुझी बायको तरी पोचते का?”

“मी आठव्यालाच उठून जाते,” मागच्या रांगेतून त्याची बायको म्हणाली.

हसणं ओसरल्यावर लॉर्नाने सभेला विचारलं, की सूचना तेरा दिवस लागलीच नव्हती, तर तुम्ही सगळे आलात कसे? सगळे तिच्या दुकानात गल्ल्याजवळ लावलेली सभेची चिठ्ठी वाचून आले होते. एल्सीने विचारलं, की या महिन्यात वेबसाइट कुणी कुणी उघडली? एकच हात वर झाला. तो रेनोचा होता. त्याने छापील प्रतीची घडी घातली आणि परत खिशात ठेवली. बाजी त्याची होती, पण चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं.

नवी सभा अकरा नोव्हेंबरला ठरली. नवी सूचना लॉर्नाने लिहायची आणि रेनोने एकच मुद्दा काढायचा, असं एल्सीने बजावलं. रेनोने एकच काढला. तो दीड पानांचा होता, पण सुरुवात तारखेपासून होती. लॉर्नाने सुरुवात वाचली. सूचना वेळेत लागली.

अकरा तारखेच्या पहाटे सव्वानऊ इंच बर्फ पडला. सहा वाजता रेनोची बातमी लागली: कुठे किती बर्फ, कुठला भाग घट्ट, कुठे खाली पाणी. सातला लॉर्नाच्या दुकानात रांग होती आणि जो तो मार्ग कसा आहे ते विचारत होता. ती फोनमध्ये बघून आकडे वाचून दाखवत होती.

“कुठे बघतेयस?” एल्सीने पेस्टी घेताना विचारलं.

“जिथे आहे तिथे,” लॉर्ना म्हणाली. “मोहरीचा सॉस हवाय का?”

संध्याकाळी लॉर्नाने स्वतःच ठराव बदलून मांडला. वेबसाइट राहील आणि ती रेनोकडेच राहील. पडलेल्या झाडांच्या बातम्या मात्र ती आपल्या संगणकावरून थेट लावेल. तपासणी बातमी लागल्यावर, आणि मुद्दे तीनच. बाजूने सदतीस मतं पडली, विरोधात एक. ते रेनोचं होतं. ठरावात ‘झाड’ म्हणजे काय, हे स्पष्ट केलेलं नव्हतं.

डिसेंबरात नवव्या किलोमीटरवर झाड पडलं. सहा मिनिटांत बातमी लागली: ‘नवव्या किलोमीटरवर झाड पडलंय.’ संध्याकाळी तीन मुद्दे आले. पहिला तारीख बरोबर असल्याचा. दुसरा पूर्णविरामाचा. तिसरा विचारत होता, झाड कोणत्या जातीचं?

लॉर्नाने बातमीत दोन शब्द वाढवले: ‘आडव्या जातीचं’. ते अजून तिथेच आहेत. परवानगीशिवाय फाईलला हात लावायचा नाही, हा नियम रेनोचाच, आणि लॉर्ना परवानगी देत नाही.