घरच्या तोंडात न बसलेली कवळी

शहरातल्या निदान चारशे माणसांच्या तोंडात त्याने केलेले दात आहेत, आणि त्यातलं एकही तोंड त्याने उघडून पाहिलेलं नाही. कवळीवाल्याचं काम असंच असतं. दातांच्या दवाखान्यातून माप येतं. त्यात प्लास्टर ओतलं की पांढरा, टणक, कोरडा जबडा हातात येतो. त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक ओतायचं, घासायचं, चमकवायचं आणि डबीत घालून परत पाठवायचं. डबीवर पेशंटचं नाव असतं. चेहरा दवाखान्यातच राहतो.

जिन्याखालच्या लांबट खोलीत अडतीस वर्षं त्याने हे काम केलं. भुवयांमध्ये कायम प्लास्टरची पूड. खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या जबड्यांची रांग. काही दवाखान्यांतून बोलावणं यायचं, की एकदा समोर बसून पेशंट बघून जा. तो म्हणायचा, "मला जबडा पाठवा, माणूस नको. माणूस बोलतो फार."

त्याची एकच बढाई होती: माझी कवळी परत येत नाही. दवाखान्यातले लोक चेष्टेने म्हणत, याची कवळी काढायला पेशंटला पुन्हा भूल द्यावी लागते. तो हसायचा, पण ते त्याला खरंच वाटायचं.

मग एकाच तोंडातून सात कवळ्या परत आल्या. ते तोंड त्याच्या बायकोचं होतं.

ती बसस्थानकावर घोषणा करायची. काचेच्या खोलीत, माइकसमोर, सव्वीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, हे तिच्या आवाजात ऐकून माणसं सामान उचलत. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचा शेवटचा दातही गेला आणि नवऱ्याने केलेली कवळी तोंडात बसली. म्हणजे बसली नाहीच. तिसऱ्या दिवशी 'फलाट क्रमांक चार' म्हणताना वरची कवळी सुटून खालच्यावर आपटली. तो आवाज सगळ्या कर्ण्यांतून स्थानकभर गेला. फलाटावर कुणीतरी शिट्टी मारली. त्या आठवड्यात असं पाच वेळा झालं.

स्थानकाचा साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान होता. तो म्हणाला, "ताई, दात नीट बसवून घ्या. तोवर पार्सलच्या खोलीत बसा. महिनाभर जागा राखतो. त्याच्या पुढे माझ्या हातात नाही."

पार्सलच्या खोलीत खिडकी नव्हती. दिवसभरात तिला बोलावं लागायचं ते एवढंच, "इथे सही करा." निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि ती तिला त्या खोलीत काढायची नव्हती.

घरी रोज तेच चालायचं.

"अगं, तू जीभ लावतेस तिला. सारखी ढकलतेस."

"जीभ काय कापून ठेवू?"

"चारशे लोकांना बसते. तुलाच कशी बसत नाही?"

"मग त्या चारशेंपैकी कुणाला तरी पाठवा माझ्याऐवजी कामावर."

तो पुन्हा माप मागवायचा, पुन्हा प्लास्टर ओतायचा. कडा वाढवून पाहिल्या, कमी करून पाहिल्या. दातांची उंची बदलली. प्लास्टरच्या जबड्यावर कवळी अशी घट्ट बसायची की ओढून काढावी लागे. सातवी तर तो दोन दिवस नुसती घासत होता. तिच्या तोंडात ती पाव खाताना दुसऱ्या घासाला सुटली.

"तुला घालायचीच नाहीये," तो म्हणाला.

तिने कवळी काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि पाव पाण्यात बुडवून खाल्ला.

महिन्यातले अठरा दिवस संपले होते. तिचं माप घेणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बोलावलं. तो पहिल्यांदाच दवाखान्याच्या आतल्या खोलीत, खुर्चीच्या शेजारी, स्टुलावर बसला. बाईंनी छोटा आरसा तिच्या गालाच्या आतल्या बाजूला टेकवला आणि काढायला गेल्या. आरसा गालाला चिकटला. सोडवताना कातडी ओढली गेली. त्यांनी पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला.

"तोंड कधीपासून असं कोरडं आहे?"

"बारा वर्षं होतील."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

तिने पर्समधून पुडकं काढलं. लघवी आवरत नाही म्हणून एक गोळी, बारा वर्षांपासून. शिंकांसाठी एक, सात वर्षांपासून. झोपेसाठी एक, पाच. दर तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे जायचं, ते कागदावर 'चालू ठेवा' लिहायचे, ती चालू ठेवायची.

"या तिन्ही गोळ्या लाळ आटवतात," बाई म्हणाल्या. "वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर धरून राहते. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर सुटत नाहीत. कोरड्या ठेवल्या तर घसरतात. तसंच हे. आणि दातही बहुतेक त्यामुळेच गेले असतील. लाळ नसली की हिरडीच्या कडेने कीड धरते. तोंड ओलं राहावं म्हणून काही चघळत होता का?"

"पेपरमिंटच्या गोळ्या."

तो मान खाली घालून ऐकत होता. त्या पेपरमिंटवरून त्याने तिला किती वर्षं टोमणे मारले होते, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. दात किडायला लागले तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, कवळीवाल्याची बायको पेपरमिंटवर जगते, धंद्याची सोय बघते. लोक हसायचे. तीही हसायची, तोंडावर हात ठेवून.

"एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"घरी सांगितलं होतं. तोंडात वाळू भरल्यासारखं होतं म्हणून." तिने कुणाकडे बघितलं नाही. "पाणी पी म्हणाले. पाणी प्यायलं की पुन्हा उठावं लागतं. माइक सोडून किती वेळा उठणार?"

पहिली गोळी कशी सुरू झाली हे ती बोलली नाही. बारा वर्षांपूर्वी नातेवाइकांच्या घरी सोफ्यावरून उठताना तिच्या मागे ओला डाग राहिला होता. जिना उतरताना तो म्हणाला होता, आता तुला घेऊन लोकांकडे जायचं की नाही? दुसऱ्या दिवशी तोच तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता.

बाईंनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. मग त्याने मान वर केली. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"म्हणजे कवळी बरोबर होती?" त्याने विचारलं.

बाई हातमोजे काढत होत्या, त्या थांबल्या.

"सातही?" तो म्हणाला. "म्हणजे माझ्या कामात चूक नव्हती."

"नव्हती," बाई म्हणाल्या.

तिने पुडकं पर्समध्ये ठेवलं, चेन लावली आणि खुर्चीवरून उतरली.

पुढचं सगळं तिने एकटीने केलं. मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन बसली आणि तिन्ही गोळ्या टेबलावर ओळीने मांडल्या. त्यांनी शिंकांची बंद केली, झोपेची बदलून दिली, लघवीची अर्ध्यावर आणली. एकदम सोडू नका म्हणाले. बाईंनी तोंडात लावायचं एक मलम दिलं, ते लावलं की तासदीड तास ओल राहायची. मग माप घ्यायची वेळ आली. बाईंनी सवयीने डबीवर तिच्या नवऱ्याचा पत्ता लिहायला घेतला.

"त्यांच्याकडे नको," ती म्हणाली.

"अहो, त्यांच्याइतकं चांगलं काम या शहरात..."

"माहीत आहे."

"मग?"

"ते तोंड न बघता करतात."

"सगळेच तसंच करतात."

"मग दुसऱ्या कुणी न बघितलेलं चालेल."

नवी कवळी सव्विसाव्या दिवशी आली. अर्ध्या गोळीवर तिला तासाभरात उठावं लागायचं आणि मलमही दीड तासाच्या पुढे टिकायचं नाही. साहेबाने दोन्ही ऐकून घेतलं, हिशेब केला आणि सकाळच्या पाळीचा पहिला तुकडा कापून तिला दिला. दोन तास माइक, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. उरलेले सहा तास पार्सलच्या खोलीत. बाकीची पाळी एका नव्या मुलीला मिळाली. तिचे सगळे दात स्वतःचे आहेत.

पहिल्या सकाळी ती घोषणा करत होती तेव्हा कवळीवाला काही कारण नसताना स्थानकावर जाऊन आला. चार नंबरच्या फलाटाशी उभा राहून त्याने पाच गाड्या ऐकल्या. कर्ण्यातून एकदाही खडखड आली नाही. शब्द स्वच्छ होते, फक्त जरा सावकाश. तो घरी आला आणि कुणाचातरी जबडा घासायला बसला.

रात्री जेवताना ती समोर बसली होती. दिव्याचा उजेड सरळ तिच्या तोंडावर होता. पुढचे दोन दात किंचित बाहेर आलेले, रंग तिच्या वयाला नको इतका पांढरा, हिरडीची कड जाड. उजवीकडचा सुळा तर चक्क उलटा बसवलेला. असं काम त्याच्या टेबलावर आलं असतं तर त्याने मोडून टाकलं असतं.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"काही नाही."

ती जेवत राहिली. घास सावकाश, डाव्या बाजूने, प्रत्येक घासाला पाण्याचा एक घोट. मधून ती एकदा उठून आत जाऊन आली. कवळी जागची हलली नाही.

"सुळा उलटा आहे," शेवटी तो म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली.